टीव्ही १९२६ साली दिसला, मग घरात यायला १९५३ का उजाडलं?

रेषाळ (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. शेवटी धागाच काढला.

२६ जानेवारी १९२६. लंडनच्या सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवरची एक माडी. जॉन लोगी बेअर्ड नावाचा कायम तंगीत असलेला स्कॉटिश गृहस्थ रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना थोडेथोडे करून आत घेतो आणि यंत्रावर माणसाचा हलता चेहरा दाखवतो. त्याआधी हेस्टिंग्जला त्यानं जे पहिलं धूड उभं केलं होतं त्यातलं सामान वाचून मी चाट पडलो. चहाचं खोकं, टोपीचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं आणि हे सगळं धरून ठेवायला लाख आणि सरस!

ऑक्टोबर १९२५ मध्ये पहिला नीट ओळखू येणारा चेहरा दिसला तो बाहुलीचा. शब्दभ्रमकार वापरतात तसल्या बाहुलीचं मुंडकं, नाव स्टुकी बिल. ते दिसल्यावर बेअर्ड धावत खाली गेला आणि विल्यम टेन्टन नावाच्या वीस वर्षांच्या ऑफिसबॉयला ओढून वर घेऊन आला. पोराला दिव्यांसमोर बसवून हा पलीकडे बघायला गेला, तर पडदा कोरा. दिव्यांच्या धगीनं पोरगं मागे सरकलं होतं. मग अर्धा क्राउन हातावर टेकवला, तेव्हा ते जागेवर बसलं. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस पैसे घेऊन दिसला, हे मला फार आवडलं.

तर प्रश्न असा. ब्रिटनमध्ये टीव्हीनं खऱ्या अर्थानं घरात पाय ठेवला तो एलिझाबेथ राणीच्या जून १९५३ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास. मधली सत्तावीस वर्षं काय चाललं होतं? रेडिओ तर बघता बघता घरोघर गेला. १९३९ साली तिथे रेडिओचे परवाने ९० लाखांच्या आसपास होते आणि टीव्ही संच अवघे वीसेक हजार.

महायुद्ध हे एक कारण उघड आहे. पण तेवढंच?

(दूरदर्शनच्या आठवणींचे धागे इथे भरपूर आहेत, त्यामुळे त्या इथे नकोत ही विनंती. इथे फक्त सुरुवातीचा काळ.)

---

चिकित्सक

प्रश्न चांगला आहे, पण गृहीतकच वादग्रस्त. बेअर्डनं जे दाखवलं ते आपल्या टीव्हीचा पूर्वज नव्हतंच, ती बाजूला फुटलेली फांदी होती आणि ती वाळून गेली.

त्याच्या यंत्रातली भोकं पाडलेली फिरती तबकडीही त्याची नव्हे. पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्यानं तिचं पेटंट १८८४ मध्येच मागितलं होतं. यंत्र काही त्यानं बांधलं नाही, पेटंट आपसूक बाद झालं आणि तो रेल्वे सिग्नलच्या नोकरीला लागला. ‘टेलिव्हिजन’ हा शब्दसुद्धा १९०० सालच्या पॅरिसच्या वीज परिषदेत पर्स्की या रशियन माणसाच्या निबंधात आलाय. आणि कॅम्बेल-स्विंटन या ब्रिटिश इंजिनियरानं १९०८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेला पत्र लिहून स्वच्छ सांगितलं होतं की हे काम चाकाभोकांनी व्हायचं नाही, दोन्ही टोकांना कॅथोड किरण, म्हणजे काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत लागेल. १९०८! बेअर्डच्या अठरा वर्षं आधी.

तेव्हा १९२६ पासून मोजू नका. मोजायचंच तर ७ सप्टेंबर १९२७ पासून मोजा.

---

मधुमालती

७ सप्टेंबर १९२७ ला काय झालं तेही सांगा की! असं अर्धवट सोडून जायचं नाही.

---

सोल्डरवाला

चिकित्सकराव सवडीनं सांगतीलच, तोवर मी थोडं तबकडीबद्दल लिहितो. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते म्हणून मागच्या वर्षी निपको तबकडी करून पाहिली.

पुठ्ठ्याची गोल तबकडी. तिच्यावर १२-१२ अंशांवर ३० भोकं, आणि प्रत्येक भोक आधीच्या भोकापेक्षा एक भोकभर आत, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी रांग. तबकडी फिरली की एकेक भोक चित्राची एकेक रेघ ओढतं. मिनिटाला ७५० फेरे, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रं. बेअर्डचंही हेच माप होतं. मागे त्याचा निऑनचा नारिंगी दिवा असायचा, मी एलईडी लावला.

माझं सातवं भोक केसभर जास्त आत गेलं. परिणाम असा की चेहऱ्यावर त्या जागी कायमची एक काळी फट आणि तिला चिकटून एक झगझगीत रेघ. तबकडी दोनदा फेकली, तिसरी जमली. वेग जरा ढळला की चेहरा हळूहळू बाजूला सरकत निघून जातो आणि दुसऱ्या कडेनं परत येतो. त्या काळी घरी बघणारा माणूस एक हात वेगाच्या बटणावरून काढूच शकत नसणार.

आता मुद्दा. चित्र दोन भोकांमधल्या अंतरापेक्षा मोठं होऊच शकत नाही. १९३० साली विकायला आलेला बेअर्डचा ‘टेलिव्हायझर’ घ्या. तबकडी वीस इंची, चित्र काडेपेटीच्या छापाएवढं, ते भिंगातून बघायचं. किंमत २५ गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त). रेघा वाढवायच्या तर भोकं वाढणार, भोकं वाढली की चित्र आणखी लहान होणार किंवा तबकडी बैलगाडीच्या चाकाएवढी. रेषाळ, तुमच्या सत्तावीस वर्षांतली पहिली दहा इथे गेली असं समजा.

दुसरी गोष्ट उजेडाची. भोकातून एका क्षणी चित्राच्या एकाच ठिपक्याचा उजेड जातो, बाकी सगळा वाया. म्हणून ते पोरगं भाजून निघालं. नंतर यांनी उलटी युक्ती काढली. कलाकाराला अंधाऱ्या खोलीत उभं करायचं आणि प्रकाशाचा ठिपकाच त्याच्या तोंडावरून धावता ठेवायचा. चेहरा पांढराफटक रंगवून ओठ-भुवया निळ्या-काळ्या करायच्या, नाहीतर तीस रेघांत नाक कुठलं नि तोंड कुठलं कळत नसे.

---

रेषाळ (धागाकर्ता)

सोल्डरकाका, दंडवत. तबकडीचा फोटो टाका ना.

यात भर घालतो. बीबीसीनं ३० सप्टेंबर १९२९ पासून बेअर्डला प्रक्षेपक वापरू दिला, पण एकच. त्यामुळे पहिले सहा महिने माणूस आधी नुसता दिसायचा आणि मग नुसता ऐकू यायचा! दोन्ही एकदम व्हायला मार्च १९३० संपत आला.

---

आडवाटेची

चिकित्सक, तुमचा ७ सप्टेंबर मी घेते, चालेल ना? माझा आवडता विषय.

फायलो फार्न्सवर्थ. आयडाहोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी बटाट्याचं शेत नांगरताना तासांच्या ओळी बघून त्याला सुचलं की चित्रही असंच ओळीओळीनं इलेक्ट्रॉनच्या झोतानं ‘नांगरता’ येईल. पुढे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या टोलमन सरांना त्यानं फळ्यावर आकृत्या काढून ते समजावलं. सरांना किती कळलं देव जाणे, पण लक्षात राहिलं, आणि ते पुढे फार कामाला आलं.

७ सप्टेंबर १९२७ ला सॅन फ्रान्सिस्कोत ग्रीन स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत त्यानं चाक, भोक काही न वापरता एक रेघ एका नळीतून दुसरीकडे पाठवली. चित्र कसलं, एक साधी रेघ. वय २१.

आता दुसरी बाजू. आरसीए ही बलाढ्य कंपनी, तिचा सर्वेसर्वा डेव्हिड सार्नोफ आणि त्याचा हुकमाचा पत्ता व्लादिमिर झ्वोरिकिन. हे रशियातून आलेले, सेंट पीटर्सबर्गमध्ये बोरिस रोझिंगच्या हाताखाली शिकलेले. त्या रोझिंगनं १९११ मध्येच कॅथोड नळीवर साध्या आकृत्या दाखवल्या होत्या. झ्वोरिकिननं सार्नोफला सांगितलं, लाखभर डॉलर द्या, टीव्ही करून देतो. प्रत्यक्षात कंपनीचे कोट्यवधी गेले. लग्नाच्या खर्चाचा अंदाजही यापेक्षा बरा असतो.

झ्वोरिकिनचा पेटंट अर्ज १९२३ चा, म्हणजे फार्न्सवर्थच्या आधीचा. त्यावरून भांडण पेटंट कचेरीत गेलं. तिथे टोलमन सरांनी येऊन सांगितलं की या मुलानं मला हे शाळेत असतानाच दाखवलं होतं. शेवटी निकाल फार्न्सवर्थच्या बाजूनं लागला आणि १९३९ मध्ये आरसीएला त्याच्याशी करार करून दहा लाख डॉलर कबूल करावे लागले. पेटंटचे पैसे घ्यायची सवय असलेल्या कंपनीवर ते द्यायची पाळी आली.

पण जीव तुटतो तो पुढचं वाचून. पेटंट सतरा वर्षांचं. त्याची मुख्य पेटंटं १९४७ च्या सुमारास संपली. बरोबर तेव्हाच अमेरिकेत संच धडाधड विकले जायला लागले होते.

---

चिकित्सक

छान लिहिलंय. एक दुरुस्ती, म्हणजे माझ्याच बाजूला छेद देणारी. फार्न्सवर्थच्या कॅमेरा नळीलाही उजेडाची बेअर्डसारखीच भूक होती. ती ज्या क्षणी ज्या ठिपक्यावर असे तेवढाच उजेड वापरी. झ्वोरिकिनच्या ‘आयकॉनोस्कोप’मध्ये लक्षावधी बारीक कणांची पाटी होती. प्रत्येक कण आपली पाळी येईपर्यंत उजेड साठवून ठेवायचा. नळ गळतोय तोवर खाली बादली भरत राहावी तसं. पेटंट कचेरीत फार्न्सवर्थ जिंकला, पण स्टुडिओत साठवणारी नळीच चालली.

तेव्हा ‘शोध कोणाचा’ या प्रश्नाला एकच नाव मागणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. जपानात ताकायानागी यांनी डिसेंबर १९२६ मध्ये कॅथोड नळीवर ‘इ’ हे अक्षर उमटवलं होतं, त्यांचं तर कुणी नावही घेत नाही.

---

मधुमालती

बादलीच्या उदाहरणाला +१. पहिल्यांदा कळलं.

---

रेषाळ (धागाकर्ता)

आता १९३६ चा सामना. २ नोव्हेंबर १९३६, लंडनचा अलेक्झांड्रा पॅलेस, म्हणजे बीबीसीचं टीव्ही केंद्र. सरकारनं ठरवलं की दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवायच्या. एकीकडे बेअर्डच्या २४० रेघा, दुसरीकडे मार्कोनी-ईएमआय या कंपनीच्या ४०५. नाणेफेक बेअर्ड जिंकला, हीच काय ती त्याची जीत.

त्याच्या पद्धतीत स्टुडिओतलं दृश्य आधी चक्क फिल्मवर घ्यायचे. ती फिल्म यंत्राच्या आतच सायनाइडच्या हौदातून साधारण मिनिटाभरात धुऊन निघायची आणि ओली असतानाच तिच्यावरून प्रक्षेपण व्हायचं. कॅमेरा जमिनीला बोल्टनं आवळलेला. शेजारी ईएमआयवाले चाकांवरचे कॅमेरे गडगड फिरवतायत! ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बेअर्डची प्रयोगशाळाही गेली. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्याची पद्धत बंद.

मजा म्हणजे शेवटी शेवटी बेअर्डच्या कंपनीनं फार्न्सवर्थची नळीही आणून पाहिली होती.

---

सोल्डरवाला

४०५ वरून आठवलं. हे असले विचित्र आकडे का, असं कुणी विचारलंय का कधी? ४०५, ५२५, ६२५. चारशे किंवा पाचशे का नाही?

एक, आकडा विषम हवा. आधी एकाआड एक रेघा ओढायच्या, मग उरलेल्या. अर्ध्या रेघेचा हिशेब जुळला तरच दुसऱ्या खेपेच्या रेघा पहिल्यांच्या मधोमध बसतात. दोन, तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) सर्किटांना ३, ५, ७ असल्या लहान आकड्यांनी भागणंच भरवशानं जमायचं. आता फोड करून बघा. ४०५ म्हणजे चार वेळा ३ आणि एकदा ५. ५२५ म्हणजे ३, ५, ५, ७. ६२५ म्हणजे चार वेळा ५. सेकंदाला अशा खेपा ५० की ६० हे त्या त्या देशाच्या विजेच्या कंपनांवरून ठरलं, नाहीतर पडद्यावर काळे पट्टे चालत राहिले असते.

तीस वर्षं ६२५ रेघा जुळवत बसलो आणि हे कळलं निवृत्तीनंतर. असो.

---

काठावरचा

सगळं वाचतोय. पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून नाही मिळालं. १९३६ ला चांगलं चित्र आलं ना? मग १९३९ पर्यंत वीस हजारच संच का? तेव्हा तर युद्ध नव्हतं.

---

चिकित्सक

दोन कारणं. पहिलं पैसा. सुरुवातीला संच शंभरेक गिनींचा. १९३५ मध्ये फोर्डची सर्वांत स्वस्त मोटार तिथे १०० पौंडांत मिळत होती. दिवसाला जेमतेम दोन तासांच्या कार्यक्रमासाठी मोटारीचे पैसे कोण घालणार?

दुसरं कारण लोक विसरतात. मनोरा! टीव्हीच्या लहरी रेडिओच्या मध्यम लहरींसारख्या दूरवर जात नाहीत, साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच. अलेक्झांड्रा पॅलेसचा ठरलेला पल्ला ४० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे लंडन सोडून बाकी देशाला फुकट संच वाटले असते तरी पडद्यावर मुंग्याच दिसल्या असत्या. लंडनबाहेरचा पहिला मोठा मनोरा सटन कोल्डफिल्डला, तोही डिसेंबर १९४९ मध्ये. मग १९५१ ला होम मॉस, १९५२ ला स्कॉटलंड आणि वेल्स. आणि राज्याभिषेक १९५३ चा. राणीमुळे टीव्ही आला असं सगळे म्हणतात. मनोरे वेळेत उभे नसते तर राणी फक्त लंडनकरांना दिसली असती.

अमेरिकेत तर सरकारनंच नवी केंद्रं गोठवली होती. १९४८ च्या सप्टेंबरपासून १९५२ च्या एप्रिलपर्यंत नवा परवाना नाही, कारण शेजारच्या शहरांचे सिग्नल एकमेकांत घुसत होते. न्यूयॉर्कमध्ये टीव्हीचं वेड शिगेला आणि डेन्व्हरमध्ये तेव्हा एकही केंद्र नाही.

---

सोल्डरवाला

युद्धाबद्दल एक. १ सप्टेंबर १९३९ ला मिकी माउसचं कार्टून दाखवून बीबीसीनं टीव्ही बंद केला. शत्रूच्या विमानांना त्या लहरींचा माग काढत लंडन गाठता येईल ही भीती होती. पण ते सगळं तंत्र वाया नाही गेलं. पाय नावाच्या कंपनीनं (हसू नका, केंब्रिजची नावाजलेली कंपनी होती) टीव्हीसाठी केलेला ४५ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर जसाच्या तसा विमानातल्या रडारमध्ये गेला. पिक्चर ट्यूब, व्हॉल्व्ह, माणसं, सगळी रडारकडे. परत आली ती हजारोंनी ट्यूब काढायला शिकून.

७ जून १९४६ ला टीव्ही पुन्हा सुरू झाला, त्या दिवशी तेच कार्टून परत दाखवलं. आठवड्यानं, १४ जूनला, बेअर्ड गेला.

---

आडवाटेची

हे शेवटचं माहीत नव्हतं. छे.

माझे दोन पैसे. आपण सगळे ‘घरात कधी आला’ असं विचारतोय, पण बहुतेकांनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याच्या घरात! २ जून १९५३ चे बीबीसीचे आकडे बघा. स्वतःच्या घरी बघणारे ७८ लाख. दुसऱ्यांच्या घरी जाऊन बघणारे १ कोटी ४ लाख. थिएटरं, सभागृहं, पब मिळून आणखी १५ लाख. म्हणजे यजमानांपेक्षा पाहुणे जास्त. आणि चर्चिलच्या मंत्रिमंडळाला तर राज्याभिषेक जिथे झाला त्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चच्या आत कॅमेरे नकोच होते.

बर्लिनमध्ये १९३६ चं ऑलिंपिक लोकांनी सार्वजनिक टीव्हीखोल्यांत पाहिलं. अमेरिकेत १९४७ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज पाहिली ती बहुतांश दारूच्या गुत्त्यांत. जपानात एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं १ फेब्रुवारी १९५३ ला सुरुवात केली तेव्हा संचांचे परवाने होते ८६६. मग निप्पॉन टीव्हीनं चौकाचौकांत संच मांडले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिडोझानची कुस्ती बघायला रस्ते तुंबले. आधी गर्दीत उभं राहून बघायचं, मग शेजाऱ्याकडे, मग आपल्याकडे.

---

मधुमालती

आणि ज्याच्याकडे संच असेल त्या घरच्या बाईचं काय? रोज संध्याकाळी खोलीभर पाहुणे!

मला वाचताना सापडलेली गंमत. बीबीसी रोज संध्याकाळी ६ ते ७ टीव्ही बंदच ठेवायची. मुलांना वाटावं संपला टीव्ही, आणि आईबापांनी त्यांना झोपवावं! खासगी वाहिनी आल्यावर तिला हा तासाभराचा जाहिरातींचा तोटा झेपेना, म्हणून फेब्रुवारी १९५७ मध्ये ती प्रथा मोडली. मुलं तोवर कशाला फसत होती म्हणा.

---

काठावरचा

रशियातही पन्नासच्या दशकात केव्हीएन-४९ नावाचा संच होता. पडदा इतका चिमुकला की समोर पाणी किंवा ग्लिसरीन भरलेलं पोकळ भिंग उभं करायचे. त्याच्या आद्याक्षरांवरून लोकांनी विनोद केला होता, ‘घेतला, लावला, चालत नाही’. खरं तर ती तीन इंजिनियरांच्या आडनावांची आद्याक्षरं.

---

सोल्डरवाला

‘चालत नाही’वर माझ्यासारख्यांची पोटं भरली हो!

---

चिकित्सक

अवांतर, रंगाबद्दल. १९५१ मध्ये सीबीएस या वाहिनीनं अमेरिकेत रंगीत टीव्ही सुरू केला तो कशावर? पडद्यासमोर फिरणाऱ्या रंगीत तबकडीवर! निपकोचं भूत परत. तोवर घरोघरी गेलेल्या कोटभर काळ्यापांढऱ्या संचांवर ते चित्र दिसेचना, चारेक महिन्यांत गाशा गुंडाळला. डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झालेली पद्धत जुन्या संचांवरही दिसायची, म्हणून टिकली.

---

रेषाळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. माझा प्रश्नच जरा वाकडा होता हे कळलं. मी संचाचं वय मोजत होतो आणि मनोरे, रेघांचे करार, शेजारी यांचा हिशेबच धरला नव्हता.

एक शेवटची शंका. त्या तीस रेघांच्या काळातलं काही शिल्लक आहे का? तेव्हा व्हिडिओ टेप नव्हतीच.

---

सोल्डरवाला

आहे, आणि तेही कुठे म्हणाल तर ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. तीस रेघांचं चित्र इतकं ‘बारीक’ असतं की त्याचा सिग्नल आवाजाच्या पट्ट्यात मावतो. बेअर्डनं १९२७ मध्ये स्टुकी बिलला तसं तबकडीवर घेतलं होतं, १९२८ मध्ये मिस पाउन्सफर्ड नावाच्या बाईंना. पण त्यातून नीट चित्र त्याला काढता आलं नाही. पुढे डोनाल्ड मॅक्लीन या इंजिनियरानं संगणकावर तबकडीचे हेलकावे काढून टाकले आणि बाई दिसल्या.

माझ्या पुठ्ठ्याच्या तबकडीलाही चित्र संगणकाच्या हेडफोनच्या भोकातूनच देतो. परवा चुकून स्पीकर लावला, तर चेहरा ऐकू आला. भुंग्यासारखा गूंऽऽ आवाज. फाइलमधल्या माणसानं मान वळवली की त्याचा सूर जरासा बदलतो. बायको आतून म्हणाली, पंखा घासतोय का बघा.

फोटो उद्या टाकतो, सातव्या भोकाचाही.